कृष्णनाथाचा अबोली सूट

मुळगाव, डिचोली
६ जानेवारी २०२५

ती. गंगाताईच्या पायांशी धाकट्या कृष्णनाथाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझे अर्धे ऐकू येत नाही आणि उरलेले अर्धे तू उलटे ऐकतेस, म्हणून बातमी कागदावरच कळवतो. वत्सलाबाईंची आणि माझी लग्नाची पहिली सही डिचोलीला निबंधकाच्या कचेरीत झाली. दुसरी सही फेब्रुवारीत, आणि त्याच दिवशी देवळाच्या सभागृहात घरच्या माणसांचे जेवण. बाई लाटंबार्सेच्या शाळेतून निवृत्त झाल्या, हे तुला ठाऊक आहेच.

आता मुख्य गोष्ट. लग्नासाठी मी सुटाचे कापड घेतले, अबोली रंगाचे. चष्मा पुसू नकोस, बरोबरच वाचलेस. म्हापशाच्या दुकानात करडे, निळे, काळे कापड दाखवून दुकानदार दमला. हा तागा वरच्या फळीवर होता. तो म्हणाला, की हे बायकांच्या कोटासाठी मागवले आहे. मी म्हटले, की आता बाप्यासाठी काप. खाणीवर सारी नोकरी मातीच्या रंगाच्या कपड्यांत गेली, कारण दुसरा रंग त्या धुळीत संध्याकाळपर्यंत टिकत नसे. नोकरी संपली, मागून सरस्वतीही मला सोडून देवाघरी गेली, तरी कपाटात तोच रंग राहिला. त्या दिवशी कापड खांद्यावर टाकून आरशात पाहिले आणि माझा मीच मला आवडलो. याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही.

पण क्षमा साखळीहून आली, कापड पाहिले आणि म्हणाली, की बाबा, लग्न कर, माझी ना नाही. पण हा रंग घातलास तर मी येणार नाही. सासरचे हसतील म्हणे. एकुलती एक मुलगी. तिच्यावाचून पंगत मला गोड लागायची नाही. कापड मात्र शिंप्याकडे टाकून आलो आहे. कसा शिवू आणि मुलीचे काय करू, दोन्ही लिही.

बहिणीची माया आहे तशीच ठेव, आणि ओरडायचे असेल तर तेही पत्रातूनच ओरड.

तुझा
कृष्णनाथ


कोरगाव, पेडणे
१३ जानेवारी २०२५

चि. कृष्णनाथ यास गंगाताईचे अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून मी हसले, मग सून यशोदेला वाचायला दिले, मग आम्ही दोघी हसलो. लग्न करतोस हे फार बरे. वत्सला गुणाची आहे. तुझ्या घोरण्याची कल्पना तिला कोणी दिली आहे का?

सुटाचे ऐक. गावातल्या नवऱ्यामुलींचे ब्लाउज मी उगीच शिवले नाहीत. रंगाचे धाडस केलेस, आता त्यावर आणखी धाडसे चढवू नकोस. कोट साधा, दोन बटणांचा शीव. जास्त बटणे लावलीस तर पोट आधी पोहोचेल आणि तू मागाहून. आतला शर्ट पांढराशुभ्र नको, दुधाळ घे. शुभ्र रंगाशेजारी अबोली भडक दिसते. टाय नको. बूट आणि पट्टा गडद तपकिरी. काळे बूट घातलेस तर पाय दुसऱ्या कोणाचे वाटतील. वत्सलेला त्याच रंगाची साडी घ्यायला लावू नकोस, दोघे बँडवाले दिसाल. तिची साडी तिलाच ठरवू दे.

क्षमाच्या सासरचे हसण्यापैकी नाहीत, मी त्यांना ओळखते. तिला दुसरेच काहीतरी खुपते आहे. तिच्या घरी जा. कोटाची वकिली करू नकोस. काय झाले विचार आणि गप्प बस. गप्प बसणे तुला जमत नाही, तरी बस.

गुडघ्यांमुळे मला येता येणार नाही. सगळे लिहून कळव, म्हणजे या म्हातारीलाही पंगतीत बसल्यासारखे होईल.

तुझी
गंगाताई


मुळगाव
२७ जानेवारी २०२५

ती. ताईस कृष्णनाथाचा शि. सा. न.

साखळीला जाऊन आलो. क्षमा अळसांद्यांचे दाणे निवडत होती. काय झाले ते विचारले आणि तू सांगितलेस तसा गप्प बसलो. सुपातले अळसांदे निवडून संपले तेव्हा ती बोलली. म्हणाली, की आई गेली तेव्हा आपण दोघे मिळून रडलो. आता त्या रंगात तू लांबूनसुद्धा सुखी दिसशील, आणि आईसाठी रडायला मी एकटीच उरेन.

ताई, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. मी तिला सांगितले, की बाय, मी सुखी आहे, आणि ते करड्या कापडाखाली झाकणार नाही. पण तुझी आई मला सुखातही आठवते. अबोली सूट घालूनसुद्धा मला रडता येते. त्यावर ती हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली. लग्नाला येण्याचे काही बोलली नाही, मीही विचारले नाही.

सूट शिवून आला. दोन बटणे, दुधाळ शर्ट, तपकिरी बूट, सारे तुझ्या हुकमाप्रमाणे. वत्सलाबाईंनी मला घरभर चालायला लावले. म्हणाल्या, की खांदे ताठ राहणार असतील तरच हा रंग घाला. तेव्हापासून मी भाजी आणायलाही ताठ खांद्यांनी जातो.

पोर येवो न येवो, सूट घालणार. तुझा आशीर्वाद पाठीशी आहे असे धरून चालतो.

तुझा
कृष्णनाथ


साखळी
१७ फेब्रुवारी २०२५

ती. गंगाआत्यास क्षमाचा सा. न. वि. वि.

बाबा नव्या संसारात गुंतलाय, म्हणून लग्नाचे मी लिहिते. खरे सांगते, मी जाणार नव्हते. पण सकाळी सासरे नवा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. म्हणाले, की तुला राहायचे तर राहा, मी जातो, मला तो कोट बघायचा आहे. मग माझ्याने घरी बसवेना.

आम्ही पोचलो तेव्हा सही आटोपली होती आणि बाबा सभागृहाच्या दारात पाहुण्यांना या या करत होता. आत्या, काय सांगू, शोभत होता गो! लोक कुजबुजत होते, हे लपवत नाही. चुलत्याच्या सुदेशने तर मोठ्याने विचारले, की काका, दुकानात दुसरा रंग नव्हता काय? बाबाने त्याला दुकानाचा पत्ता दिला आणि लवकर जा म्हणाला, थोडेच कापड उरले आहे.

मग त्याने मला पाहिले. मी जाऊन त्याची कॉलर सारखी केली, आणि आम्ही दोघे तिथेच दारात रडलो. वत्सलाबाई मध्ये आल्या नाहीत. पाहुण्यांना घेऊन आत गेल्या आणि आम्हांला हवा तेवढा वेळ दिला. तेवढ्यावरून त्या मला आवडल्या.

पंगतीत माझ्या शेजारी लाटंबार्सेची एक बाई बसली होती. तिने माझ्या कानाशी येऊन हळूच विचारले, की तो अबोली सूटवाला कोण? मी हळू बोलले नाही. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असे सांगितले, की तो आजचा नवरदेव, आणि माझा बाबा.

माझ्यावर रागावली असशील तर राग सोड, माया तेवढी राहू दे.

तुझी
क्षमा