कोट माझ्या मालकीचा नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिंप्याची बायको, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि आता मनाला येईल ते खा म्हणाले, त्यावरून काय ते समजले. माझ्या माघारी कोणी वाद घालू नये.

१. राहते घर वडिलांनी माझ्या नावावर केलेले आहे. ते माझ्या एकुलत्या एका मुलाला द्यावे. नवऱ्याने हयातभर त्यात राहावे. त्यांनी मुलाला आणि त्याच्या जोडीदाराला घरात घ्यावे, अशी अट मला घालायची होती. वकीलबाई चष्मा काढून म्हणाल्या, "ताई, दार उघडायची अट घालता येईल हो. आपलं माणूस म्हणायची कशी घालू?" तेव्हा ही विनंती समजावी. माझ्या विनंतीला यांनी आजवर भीक घातलेली नाही, हेही नमूद करते.

२. मुलाने त्या भल्या माणसाला एकदाच जेवायला आणले होते. शाळेत गणित शिकवतो, बोलायला मऊ. यांनी ताट भिरकावले. "असल्या लोकांची सावलीसुद्धा नको माझ्या घरात!" रागाने माणूस लाल होतो, हे पांढरेफटक पडले होते. तेव्हापासून मुलगा दर रविवारी मला फोन करतो आणि फोन वाजला की हे उठून दुकानात जाऊन बसतात. मला मरण्याआधी त्याला या घरात बघायचे आहे. बाकी काही नको.

३. दुकान यांचे आहे, त्याची वाटणी मी करू शकत नाही. पण त्याबद्दल लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होणार नाही. हे पुरुषांचे कपडे शिवतात, पण पुरुषाच्या अंगाला टेप लावत नाहीत. मापाला जुना शर्ट आणा म्हणतात. गिऱ्हाइके हसतात आणि शिलाई बिनचूक म्हणून परत येतात.

पूर्वी असे नव्हते. आमचे लग्न नवे होते तेव्हा दुकानात एक काजवाला होता, काज-बटणे करणारा. दोघे एकाच टेबलावर बसत, एकाच कपातला चहा अर्धा अर्धा पीत. त्याच्यासाठी यांनी राखी कोट कापायला घेतला. मी डबा घेऊन गेले तेव्हा हे त्याच्या छातीचे माप घेत होते. टेप तशीच धरलेली, आकडा वाचायचाच राहिलेला. मी डबा ठेवून निघाले. आठवड्याच्या आत एक काज वाकडे झाले म्हणून यांनी आरडाओरडा करून त्याला काढून टाकले. त्यानंतर अंगाला टेप लावणे सुटले आणि 'असले लोक' तोंडात बसले.

मला तेव्हाच कळले. यांना अजून कळलेले नाही, किंवा कळू द्यायचे नाही. मला यांनी कधी वाईट वागवले नाही, कधी जवळचेही मानले नाही. मला यांचा राग येतो, कीवही येते, आणि दोन्हीचा काही उपयोग नाही.

४. 'तू लाडावलंस म्हणून पोरगा असा निघाला' असे नणंदबाई चारचौघांत म्हणाल्या. त्यांना भिंतीवरचा मोठा आरसा द्यावा. भावाचा चेहरा बराचसा त्यांच्यासारखाच आहे, सावकाश बघत बसतील.

५. तो राखी कोट अजून दुकानात खुंटीला आहे. दरवर्षी हे त्याची शिवण उसवून थोडा सैल करतात. आधी पोटात केला, मग खांद्यात. कोणाचा विचारले तर 'गिऱ्हाइकाचा' म्हणतात. तो माझ्या मालकीचा नसल्याने मला कोणाला देता येत नाही.

काल हा कागद लिहीत असताना हे मागे येऊन उभे राहिले.

"कोटाचं काही लिहिलंस का त्यात?"

"माझा आहे का तो?"

यांनी कोनाड्यातली कात्री उचलली. मग म्हणाले, "आता आत घ्यायला हवा. या वयात माणूस आटतो."

"अहो, मग पोरालाही एकदा बोलवा ना. मी आहे तोवर."

"त्याचं नाव काढू नकोस," म्हणाले आणि कात्री घेऊन दुकानात गेले.

यापुढे काय लिहावे ते सुचत नाही. वरील मजकूर माझ्या हातचा आहे आणि मी तो पुन्हा वाचून पाहिला आहे.

सही: शिंप्याची बायको, मुलाची आई

साक्षीदार:
१. औषधांचे दुकानदार
२. खालच्या मजल्यावरची नर्स (नवऱ्याने सही करायला नकार दिल्यामुळे)

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळची खाट
दिनांक: या महिन्याचा दुसरा रविवार, फोन येऊन गेल्यावर