चौदा नोव्हेंबरची हजेरी

मृत्युपत्रात खुशाली विचारायची रीत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. पण मला लिहिता येते ते पत्रच, म्हणून आधी विचारून घेतो. नूतन, माझी भाची, चाळीसगावच्या घराचा जिना तुझा गुडघा आता चढू देतो का? भूपेंद्र, तुझ्या धाकट्याचा कान वाहायचा थांबला का? दिपमालाबाई, तुमची साखर या खेपेला किती आली? झुलाल, तुझ्या प्रकृतीची चौकशी करायचा हक्क मी घालवला आहे, तरी विचारतो. खोकला कसा आहे? तुरुंगात पांघरूण पुरते का?

आता कायद्याचे. मी बन्सीलाल सुपडू तायडे, वय ७३, पूर्वीचा धंदा केळी भरण्याची हमाली, राहणार फैजपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्या दाबाखाली न येता लिहितो. कॅन्सरने घसा गेला, आवाज गेला. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शाळा दुसरीपर्यंत. पुढची अक्षरे सावदा स्टेशनवर वॅगनच्या पाट्या वाचून शिकलो, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बँकेत जे असेल ते, पितळेची भांडी आणि शिलाई मशीन नूतनला. घर तुला देत नाही, ते मनाला लावून घेऊ नको. कारण खाली येईल.

२. कबड्डीचे मैदान माझे नाही, त्यामुळे ते देता येत नाही. ते प्रकाशचंद शेठचे. चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या कापसाच्या जिनिंगमागची पडीक जागा पोरांना वापरायला दिली, मग निम्मी ट्रक लावायला परत घेतली आणि मला म्हणाले, "तायडे, पोरं काय, अर्ध्यातही पळतील." त्यांच्यावरचा राग जातो का ते पाहतो आहे. अजून गेलेला नाही.

मैदान कशासाठी काढले, ते इथेच लिहून ठेवतो. दिवेलागणीला चोरट्या वाळूचे ट्रॅक्टर तापीत उतरतात. पुढे मोटारसायकलवरून पाळत ठेवायला त्यांना चौदा-पंधराची पोरे लागतात. एकदा त्या मोटारसायकलवर बसलेले पोरगे पुन्हा शाळेच्या बाकावर बसत नाही. म्हणून मी मैदानाची वेळ तीच ठेवली, सहा ते साडेआठ. रोज हजेरी. पोलिसांनी एखाद्याला संशयावरून धरले की मी वही घेऊन ठाण्यात जाई. साहेब वही पाहत आणि पोरगा सोडत. तेवीस वह्या भरल्या. माझी खरी कमाई तीच होती.

३. शिटी, चुन्याचे घमेले, दोऱ्या, हिरव्या बनियन आणि मैदानावरच्या खोलीची किल्ली भूपेंद्रला. तू याच मैदानावर वाढलास, आता पोरे तू सांभाळ. मात्र हजेरी यापुढे पोराने स्वतःच्या हाताने लावायची, तीही सगळ्यांसमोर. तुझ्या हातात पेन नको.

४. वही क्रमांक सतरा वकिलांकडे दिली आहे. ती कोणाला वारसाने जात नाही. ती कोर्टात जाईल. त्याचे कारण असे.

१४ नोव्हेंबर २०१८ रोजी संध्याकाळी कोतवाल अभिमन यांनी वाळूचा ट्रॅक्टर अडवला. त्यांच्या डोक्यात लोखंडी गज बसला. दवाखान्यात नेताना त्यांच्या तोंडून एवढेच निघाले, "हिरवी बनियन. आबाच्या मैदानावरची." ते वाचले नाहीत. दिपमालाबाई त्यांच्या पत्नी.

त्या दिवशी मैदानावर दोन पोरे नव्हती, झुलाल आणि योगराज, दोघेही एकोणीस वर्षांचे. योगराज सव्वाआठला धापा टाकत आला आणि म्हणाला, "आबा, बापाले दवाखान्यात नेलं व्हतं. हजेरी लावा ना. निवडवाले वही पाहतात." चार दिवसांनी राज्य संघाची निवड होती. असा चढाईपटू मी दुसरा घडवला नव्हता. मी 'ह' लिहिला. तोवर खुनाचे मला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. एकतीस नावांत एकच गैरहजेरी होती, झुलालची. माझ्या वहीवर विश्वास, म्हणून बाकीच्या पोरांना त्यांनी विचारलेच नाही. तो म्हणाला, आईशी भांडून सावदा स्टेशनवर एकटाच बसलो होतो. पाहणारे कोणी नव्हते. मला वाटले, योगराज निर्दोष आहे, त्याला कशाला गुंतवा. कोर्टात शपथेवर विचारले, वही खरी आहे का? मी खरी आहे म्हणालो. झुलालला सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली.

आमच्या मैदानावर पंच नसतो. हात लागला की खेळाडूने आपणहून बाहेर जायचे, हा नियम मीच घातला. आणि मी सात वर्षे आत उभा राहिलो.

झुलालची आई धुरपदाबाई केळीच्या बागेत कामाला जाई. निकालानंतर ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "आबा, तुमची वही खोटं नाही बोलत. मंग माहंच पोरगं खोटं बोलते." तेच ती तुरुंगात जाऊन झुलालला सांगून आली आणि परत भेटीला गेली नाही.

२०२३ साली खेळाडूंच्या राखीव जागेतून योगराजला सरकारी नोकरी लागली. तो पेढे घेऊन आला. पाया पडला आणि तसाच बसून म्हणाला, "आबा, तो गज माह्या हातात व्हता."

मी म्हणालो, "आता सांगतोस?"

"मले वाटलं तुमाले माहीत हाये. तुमीच तं हजेरी लावली."

त्यानंतर दोन वर्षे मी गप्प राहिलो. एक वही खोटी निघाली की बावीस खऱ्या वह्याही खोट्या ठरतील, पुढच्या पोराला ठाण्यातून कोण सोडवणार, हे कारण खरे होते. लाज वाटत होती, हेही खरे. रोज दुपारी धुरपदाबाई माझ्या दारावरून जाई आणि मी तिला पाणी विचारी. तेवढेच विचारी. या चैत्रात ती गेली. आपले पोर खुनी आहे असे मानून गेली.

५. गेल्या महिन्यात मी सगळे शपथपत्रात लिहून दिले. झुलालचे अपील अजून पडून आहे, त्यात ते जाईल. वकील म्हणाले, "आबा, खोट्या साक्षीबद्दल तुम्हीच आत जाल." मी पाटीवर लिहिले, डॉक्टर दिवाळी म्हणतात, तारीख त्याआधीची घ्या. ते हसले नाहीत.

योगराजला भूपेंद्रने फोनवरून शपथपत्र वाचून दाखवले. तो म्हणाला, "आबा, माही पोरगी सहा महिन्याची हाये." ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तरी शपथपत्र मागे घेणार नाही. त्याचा राज्य संघातला फोटो खोलीतून उतरवून त्याच्या घरी पोचवावा. त्याला माझ्याकडून दुसरे काही नाही.

६. फैजपुरातले माझे दोन खोल्यांचे घर, परसासह, झुलालला. ही भरपाई नाही. सुटल्यावर पाठ टेकायला जागा, एवढेच. त्याने नको म्हटले तर ते दिपमालाबाईंना जावे. बाई, तुमच्या नवऱ्याचा खरा मारेकरी मी लपवला, हे तुम्हाला या कागदावरून कळते आहे. दारात येऊन सांगायला पाय वळले नाहीत.

७. माझ्यामागे दिवस घालू नयेत. मैदान एक दिवसही बंद ठेवू नये. बंद राहिले तर पोरे तापीवर जातील.

या कागदाची एक प्रत झुलालला तुरुंगात पाठवत आहे. झुलाल, तुझ्या आईला अग्नी भूपेंद्रने दिला, तुला वेळेत रजा मिळाली नाही. तिच्या अस्थी तांब्यात घालून, कापडात बांधून माझ्या परसातल्या निंबाला टांगल्या आहेत. तू सुटेपर्यंत त्या ठेवायच्या, की भूपेंद्रच्या हातून तापीत सोडायच्या, हे तू सांगायचे. माझ्या हाताने मी त्या सोडणार नाही. सोबत पत्ता घातलेले कार्ड आहे. मला शिव्या लिहिल्यास तरी चालेल, पण अस्थींचे लिही, आणि लवकर लिही.

सही: बन्सीलाल सुपडू तायडे

आमच्यासमोर वाचून सही केली:
साक्षीदार १: रुपचंद झेंडू वारके, निवृत्त पोस्टमन, फैजपूर (सही)
साक्षीदार २: मोहिनी पुंडलिक भंगाळे, शिक्षिका, फैजपूर (सही)

ठिकाण: फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव
दिनांक: ३ सप्टेंबर २०२५