उजवीकडचे बाक

कोल्हापूर,
४ जुलै २०२५

ती. पूर्णिमाआत्या,
सा. न. वि. वि.

पाकीट हातात पडल्यावर तू आधी आकाराममामांना हाक मारून विचारशील, की कोण गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही. आण्णांचा गुडघा तेवढा कुरकुरतो आहे, पण त्या गुडघ्यापेक्षा आमचे आण्णाच जास्त कुरकुरतात.

पत्राचं कारण असं की, आमच्या वाचनालयानं यंदा वाचनाचं आव्हान काढलं आहे. दर दोन महिन्यांनी एक विषय. दोघांनी जोडीनं एक पुस्तक निवडायचं, वाचायचं आणि त्याबद्दल एकमेकांना टपालानं पत्रं लिहायची. फोन केला तर जोडी बाद. ही पत्रं फलकावर लावणार आहोत आणि दोन महिने संपले की वाचनालयात कार्यक्रम ठेवणार आहोत. ग्रंथपाल मीच असल्यामुळे तुझं नाव तुला न विचारता माझ्या जोडीला घातलं आहे. रागाव, पण टपालानंच रागाव.

जुलै-ऑगस्टचा विषय आहे, हायस्कुलात किंवा कॉलेजात घडणारं पुस्तक. एकतीस वर्षं कुरुंदवाडच्या हायस्कुलात मराठी शिकवलेली आत्या असताना मी दुसरीकडे कशाला जाऊ? सोबत दोन कादंबऱ्या पाठवते आहे. एक कॉलेजची आहे, एक हायस्कूलची. दोघींना पटेल ती घ्यायची. पुस्तकं वाचनालयाची आहेत, तेव्हा लाल पेनाला अजिबात हात लावू नकोस. मागच्या वेळी तू एका कथासंग्रहाला दहापैकी साडेतीन गुण देऊन खाली सही केली होतीस. वाचक अजून येऊन विचारतात की ही सही कुणाची.

मामांना नमस्कार. तुझ्या धाकात आहे, तशीच मायेतही राहू दे.

तुझी,
प्रियदर्शनी

*

कुरुंदवाड,
१३ जुलै २०२५

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं, पुस्तकंही पोचली. त्यानंतर तू तीन वेळा फोन केलास. मी उचलला नाही. नियम तूच केलास, तूच पाळ.

दोन्ही पुस्तकं वाचली. कॉलेजच्या कादंबरीत दोनशे बारा पानांत एकही तास झालेला नाही. एकदा हजेरी होते, तेव्हा नायक कॅन्टीनमध्ये असतो. नायिकेच्या हातातली पुस्तकं पडतात आणि तो ती उचलून देतो, एवढ्यावर पुढं लग्न होतं. माझ्या वर्गात एकतीस वर्षांत डबे पडले, बाटल्या पडल्या, एकाच्या दप्तरातून पंचगंगेतला जिवंत खेकडा पडला, पण कुणाचं लग्न झालं नाही.

दुसऱ्या पुस्तकात हेडमास्तर निम्म्या पुस्तकात छड्या मारतात आणि उरलेल्या निम्म्यात आजारी पडून मरतात, मग ज्यांनी मार खाल्ला तेच रडतात. शिवाय लेखकानं सहामाही परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत घेतली आहे. हे गृहस्थ एम. ए. आहेत, असं मागच्या पानावर छापलं आहे.

मला सांग, या पुस्तकांतले मास्तर एक तर राक्षस नाही तर देव, असंच का असतं? घरची भाजी फोडणीला टाकून, घंटेच्या ठोक्याला धापा टाकत वर्गात शिरणारी, पट उघडून नावं वाचणारी एखादी साधी बाई कुणालाच कशी दिसली नाही? तुझे मामा म्हणतात, तू पुस्तक वाचत नाहीस, पेपर तपासतेस. त्यांना काय होतंय, ते फक्त क्रिकेटचं पान वाचतात.

दोन्ही परत पाठवते आहे. लाल पेन वापरलं नाही. पेन्सिल वापरली आहे, खोडता येईल. आण्णाला गुडघा शेकायला सांग. तुझ्यावर जीव आहे, म्हणून तर बोलते.

तुझी,
पूर्णिमाआत्या

*

कोल्हापूर,
१९ जुलै २०२५

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

पेन्सिलीचे शेरे खोडायला मला दोन दुपारी लागल्या. तू बोलतेस कमी, लिहितेस जास्त.

आता हे तिसरं पाठवते आहे. देणगीच्या गठ्ठ्यात पडून होतं. नाव ‘उजवीकडचे बाक’. लेखक खिजर मोमीन, जन्म कुरुंदवाड, हल्ली मुक्काम कबनूर, शिक्षण दहावी, स्वतःचे चार यंत्रमाग. तीनशे प्रती पदरच्या पैशानं छापल्या आहेत. दोन प्रती तो स्वतः आणून देऊन गेला. मी कौतुकानं विचारलं, की ही गोष्ट सुचली कशी, तर त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, माग बंद पडलाय म्हणाला आणि गेला. घड्याळात बघून कबनूरचा माग बंद पडल्याचं कळतं, हे मला नवीनच होतं.

दहावी कुरुंदवाडला केली असेल तर तुझाच विद्यार्थी की. आता तरी छाती फुगवून सांग, की हा पहिल्यापासूनच हुशार होता. मी अजून वाचलं नाही. तू पास केलंस तर वाचेन.

तुझी मर्जी अशीच राहू दे, गुण मात्र जरा सैल हातानं दे.

तुझी,
प्रियदर्शनी

*

कुरुंदवाड,
२ ऑगस्ट २०२५

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

पुस्तक दोन दिवसांत वाचून झालं. परत वाचलं. त्यानंतर आठ दिवस तुला लिहायचं म्हणून बसत होते आणि उठत होते.

खिजर माझ्याच वर्गात होता. गुणी पोरगा, पण लिहिण्याच्या नावानं बोंब. ‘माझी आई’ या विषयावर त्यानं चार ओळी लिहिल्या होत्या. माझी आई चांगली आहे. ती स्वयंपाक करते. ती मला आवडते. चौथी ओळ होती, धन्यवाद. त्यानं पाचवी ओळ लिहिली असती तर मी शाळेत पेढे वाटले असते.

आणि हे पुस्तक, प्रिया, अख्खं मुलींच्या बाकांवर बसून लिहिलं आहे. आमच्या वर्गात मुली उजवीकडं बसायच्या. एका बाकावर तिघी बसल्या की मधलीला कोपर टेकायला जागा मिळत नाही, म्हणून तिचं अक्षर बिघडतं, हे यात आहे. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती, म्हणून पोरी दिवसभर पाणी पीत नसत, हेही आहे. मला बाई असून ते तेव्हा ठाऊक नव्हतं. खिजरला कुठून ठाऊक असणार?

पुढं अठ्ठ्याऐंशीव्या पानावर एक वर्गशिक्षिका आहे. नववीतली एक मुलगी महिनाभर आली नाही, म्हणून ती तिचं नाव पटावरून कमी करते. पट्टी ठेवते, नावावर लाल रेघ ओढते, शाई वाळावी म्हणून फुंकर घालते आणि पुढचा नंबर पुकारते. आमच्या शाळेत बाकीचे सगळे हातानं रेघ मारायचे. पट्टी फक्त मी ठेवायची.

त्या दिवशी ती मुलगी दारात उभी होती. शाळेचं पुस्तक परत द्यायला आली होती. तिनं बघितलं, मी बघितलं, पुस्तक टेबलावर ठेवून ती गेली. खिजर तेव्हा खालच्या वर्गात होता, दुसऱ्या इमारतीत. ती त्याची थोरली बहीण. मला त्या पट्टीचा टवका उडालेला कोपरा आठवतो, पण त्या मुलीचं नाव आठवत नाही. आठ दिवस आठवते आहे. मला माझी फार लाज वाटली.

हे पुस्तक खिजरचं नाही, तिचं आहे. मी कबनूरला जाऊन त्याला तोंडावर विचारणार आहे. तोवर हे पत्र फलकावर लावू नकोस.

तुला आठवत असते, तशीच तूही आत्याला आठवत जा.

तुझी,
पूर्णिमाआत्या

*

कोल्हापूर,
७ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

कृपा करून लगेच एसटीत बसू नकोस. बहिणीनं सांगितलेलं ऐकून त्यानंच लिहिलं असेल तर? चार माग चालवून माणसानं पुस्तक लिहावं आणि त्याच्या बाईंनी दारात येऊन विचारावं, की कुणाचं ढापलंस! तुझं विचारणं मला माहीत आहे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी तू बाजारात दिसलीस की कुरुंदवाडची पन्नाशीतली माणसं तंबाखू थुंकून सरळ उभी राहतात.

आणि पुस्तक तिचंच असेल, तर तिनं नाव लपवलं त्याला काही कारण असेल. ते तुझ्यामुळं उघड्यावर येऊ नये. जायचंच असेल तर माफी मागायला जा, तपासणीला जाऊ नकोस. मी पुस्तक वाचलं. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर थांबले होते. तरी मला तू आवडतेस, हे लिहून ठेवते.

सांभाळून जा. तुझ्याच हातचं वळण असलेली,

प्रियदर्शनी

*

कुरुंदवाड,
१९ ऑगस्ट २०२५

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

शनिवारी कबनूरला जाऊन आले. मामा सोबत आले होते. मी चिडले तर मला आवरायला म्हणून आले आणि तिथं गेल्यावर मागाची यंत्रं बघत बसले.

खिजरनं मला लांबूनच ओळखलं आणि तेलाचे हात पाठीमागं घेऊन सावधानमध्ये उभा राहिला. सोळा आणि तेरा वर्षांच्या दोन पोरांचा बाप झाला आहे. तू बजावल्याप्रमाणं मी गोडीनं बोलत होते. चहा संपेपर्यंत तसंच चाललं. मग मी त्याला एवढंच विचारलं, की आपल्या शाळेत मुलींच्या संडासाला कडी कुठल्या बाजूला होती. तो आधी लाल झाला, मग असा हसला की मागावरचे कामगार वळून बघायला लागले. म्हणाला, सुटलो बघा बाई, माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. बाजारात लोक त्याला अडवून अमुक पानाचा अर्थ विचारतात आणि तो स्वतः चाळिसाव्या पानाच्या पुढं गेलेलाच न्हाय!

बहीण शेजारच्याच घरात दिलेली आहे. कांड्या भरते, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या दोऱ्याच्या नळ्या यंत्रावर गुंडाळते. दिवसा वीज गेली की यंत्र थांबतं, तेवढ्या वेळात तिनं नऊ वह्या लिहिल्या. मी आल्याचं कळलं तरी ती अर्धा तास बाहेर आली नाही. यंत्राचा आवाज चालूच होता. मग मीच आत गेले.

मी तिला सरळ सांगितलं, की ती रेघ मी ओढली. तुझं घर शाळेपासून सहा मिनिटांवर होतं, आधी येऊन विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आणि तुझं नावही मी विसरले. तिनं यंत्र बंद केलं. मग तिनं नाव सांगितलं. सबिना. ती म्हणाली, बाई, नाव कमी झाल्याचा राग नव्हता, ते व्हणारच होतं, अब्बांनी ठरवलंच हुतं. रेघ सरळ आली, त्याचा राग आला. जरा वाकडी आली असती तर वाटलं असतं, की बाईंचा हात थरथरला.

मला रडू आलं आणि मी रडले. हा परिच्छेद फलकावर लावलास तर तुझं माझं बोलणं बंद.

मग तिनंच मला विचारलं, की नववी सोडलेल्या बाईनं हायस्कुलावर पुस्तक लिहिलं म्हटल्यावर लोक हसणार न्हाईत व्हय. भावाच्या नावावर दहावी तरी आहे, म्हणून त्याचं नाव घातलं म्हणे. मी तिला सांगितलं, की गेल्या महिन्यात मी एका एम. ए. माणसाचं पुस्तक वाचलं, त्यानं सहामाही परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत घेतली. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

आव्हानासाठी माझं पुस्तक ठरलं. पण लेखकाचं नाव काय लिहायचं, ते सबिना ठरवेल. मी तिला म्हटलं आहे, की हो म्हण किंवा नाही म्हण, मी पुन्हा विचारणार नाही. तू तिला कार्यक्रमाचं आमंत्रण धाड, पण घाई करू नकोस. एकदा तिच्या वतीनं दुसऱ्यांनी ठरवलं, तेवढं बास झालं.

तुझं वळण माझंच आहे, हे वाचून बरं वाटलं. असंच राहू दे.

तुझी,
पूर्णिमाआत्या

*

कबनूर,
६ सप्टेंबर २०२५

ग्रंथपाल प्रियदर्शनीताई यांना सलाम,
स. न. वि. वि.

पत्राचा मायना आठवीत बाईंनीच शिकवला होता. चुकला असेल तर बाईंना सांगा, मला नको.

चौदा तारखेच्या कार्यक्रमाचं आमंत्रण मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण बाई येऊन गेल्यापासून ठरवायलाच बारा दिवस लागले. पहिले दहा दिवस नाहीच म्हणत होते. मग एक दिवस कांड्या भरताना वाटलं, की खिजरनं माझ्यासाठी दोन वर्षं खोटं बोलून काढली, आता त्याला जरा विश्रांती द्यावी.

खिजरच्या कॉटखाली दोनशे साठ प्रती पडून आहेत. इचलकरंजीच्या एका छापखान्यातून नावाच्या चिठ्ठ्या छापून आणल्या. सासरचं आडनाव घालायचं की माहेरचं, यावर घरात दोन दिवस खल झाला. सासूबाई म्हणाल्या, पुस्तक वाचलं न्हाय मी, पण पोरीचं नाव हाय ते घाला की! म्हणून नुसतं सबिना छापलं.

मुखपृष्ठावर खिजरच्या नावावर माझी चिठ्ठी खिजरच डकवतो आहे. मला जमलं नाही. त्यानं पहिल्या चार चिठ्ठ्या तिरक्या डकवल्या, आता सरळ येतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून सांगतो, मी लेखक न्हाय, ही माझी बहीण हाय. पुस्तक आलं तेव्हा गप्प असायचा, आता त्याचा आवाज मागाच्या वर ऐकू येतो.

तुमच्याकडच्या दोन प्रतींना तुम्ही काही करू नका. दोन चिठ्ठ्या आणि खळ मी बरोबर आणते. त्या दोन मला स्वतःला डकवायच्या आहेत.

एक विचारायचं राहिलं. एवढी पुस्तकं वाचली, पण सगळी कुणाकुणाकडून मागून आणलेली. वाचनालयात मी अजून एकदाही आत गेलेले नाही. तिथं चपला दाराबाहेर काढायच्या असतात की घालूनच आत यायचं, तेवढं कळवा.

ओळख नवी आहे, ती जुनी होऊ द्या.

आपली,
सबिना