तुझे न झालेले चौथे वर्ष

प्रिय सुमन,

तुला जाऊन चौदा महिने झाले. ज्याचे उत्तर येणे शक्य नाही असे पत्र लिहिणे मला आजवर असमंजसपणाचे वाटत होते. आज लिहितो आहे, कारण तुझ्या नातीचा, मुक्ताचा, शाळा सोडल्याचा मूळ दाखला माझ्या टेबलावर आहे. नर्सिंगच्या पदवीसाठी तिला इथेच सोलापुरात जागा मिळाली आहे आणि डिप्लोम्यासाठी अकलूजला. पदवी चार वर्षांची, डिप्लोमा तीन वर्षांचा. मूळ दाखला एकच असतो, आणि उद्या संध्याकाळपर्यंत तो एका कॉलेजात जमा करायचा आहे.

हा प्रश्न आपल्या घरात पूर्वी एकदा येऊन गेला, आठवते?

तुझ्याकडे पुण्याच्या पदवीचे पत्र होते आणि इथल्या डिप्लोम्याचेही. मी नुकताच कॉलेजात तर्कशास्त्र शिकवू लागलो होतो, आणि वर्गात शिकवलेले घरी वापरून पाहण्याची मला हौस होती. "दोन्ही मार्गांनी परिचारिकाच होता येते. फळ समान असेल, तर ज्यात लाघव आहे तो मार्ग घ्यावा, म्हणजे जो थोडक्यात संपतो तो," असे मी म्हणालो. भाकरी थापता थापता तू विचारलेस, "फळ सारखंच, हे कशावरून दादा?" मी तुला परिचारिकेची व्याख्या ऐकवली. तू पुढची भाकरी थापायला घेतलीस. निरुत्तर झालेला प्रतिपक्षी आणि बोलणे सोडून दिलेली बहीण यांतला भेद त्या वयात मला कळत नव्हता.

तरी ती तीन वर्षे किती आनंदात गेली! रविवारी हॉस्टेलवरून यायचीस, मोसंब्यात सुई टोचण्याचा सराव करायचीस आणि तेच मोसंबे सोलून मला द्यायचीस. मी पेपर तपासत असताना माझ्या डोक्याला बँडेज गुंडाळायचीस. "हलू नको की. पेशंट एवढं बोलत नसतात."

पुढे वॉर्डात तुला पाहिले, तेव्हा मात्र थक्क झालो. विणकरांच्या घरातली एक वृद्धा कुणालाच काही सांगेना. तू तिच्याजवळ बसलीस आणि तिच्या तेलुगूत विचारलेस, "नोप्पी एक्कड?" कुठे दुखते, एवढेच. म्हातारीने तुझा हात धरून पोटावर ठेवला. ही भाषा तू कधी शिकलीस, ते मला आजही ठाऊक नाही.

पदवी घेऊन आलेल्या मुलींना शीर सापडेनाशी झाली, की त्या तुला हाक मारत. तुझ्या हाताखाली तयार झालेल्या दोघी पुढे नर्सिंग कॉलेजात शिकवू लागल्या. शिकवण्याची आवड तुला होती. पण तिथे पदवी विचारत. तुला वाईट वाटते का, असे मी एकदा विचारले, तर म्हणालीस, "त्या मला सिस्टर म्हणतात, मी त्यांना मॅडम. नात्यानं मीच जवळची की." मी हसलो. हसायला नको होते का?

नोकरीत राहून दोन वर्षांत पदवी घेता येत होती. तीही तू घेतली नाहीस. का, ते मी विचारले नाही, आणि तूही कधी सांगितले नाहीस. त्याबद्दल माझा तुझ्यावर थोडा राग आहे.

परवा तुझा प्रभाकर मोडनिंबहून आला आणि मुलीने तीन वर्षांचा डिप्लोमाच करावा, यावर अडून बसला. मुक्ता म्हणाली, "पप्पा, मला पुढं शिकवायचंय. तिथं डिग्री लागते." त्यावर तो माझ्याकडे वळला. "मामा, तुमीच आईला म्हणला व्हता की, तीन वर्षं काय आन् चार काय, नर्स ती नर्सच. आई सांगायची आमाला. दादाचं बोलणं कुणाला खोडता येत न्हाय म्हणायची."

सुमन, हे तू अभिमानाने सांगत होतीस? की त्यात बोच होती, आणि मुलाला ती उमगली नाही?

मी त्याला उत्तर देऊ लागलो. मूळ विधानातला हेत्वाभास, त्याचे प्रकार, सारे काही. काही वेळाने मुक्ता म्हणाली, "आजोबा, जायचं मला आहे. मला बोलू द्या की जरा." मी थांबलो, तेव्हा ती चहाचे कप उचलून आत गेली होती.

उद्या सकाळी प्रभाकर पुन्हा येतो आहे. त्याला मी सांगेन, "तुझ्या आईशी बोलताना माझे गृहीतकच चुकले होते. फळ समान नव्हते, आणि तिला ते माझ्या आधी कळले होते." एवढे सांगून मी थांबेन. पुढचे मुक्ता बोलेल. ती अडखळली, तरी तिचे वाक्य मी पुरे करणार नाही. हे तुला वचन देतो. पाळणे मला जड जाणार आहे.

तुझा,
दादा