अकरा झाकणं

गोहुंग, ६ मार्च

चि. मी-रान हिस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पेटी काल दुपारच्या बसने पोचली. अकराही डबे लख्ख धुतलेले आणि एकही रिकामा नाही. चारांत संत्री, तिनांत तिळाच्या वड्या, बाकीच्यांत औषधाच्या गोळ्या, मिठाई आणि तुझ्या बाबांचे मोजे. मोज्यांना तिळाचा वास लागलाय, तरी ते घालून गावभर मिरवताहेत. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं नटायला कशाला हवं, ते त्यांनाच ठाऊक.

डबे बघून मी काय ते समजले. इतक्या लवकर आणि इतके भरून परत आले, म्हणजे तिकडे कमी पडतंय. तोंड उघडून मागायचा तुझा स्वभाव नाही. तेव्हा या खेपेला मुळ्याची किमची जास्त घातली आहे. केन्निपची पानं एकेक करून मसाला लावून मुरवली आहेत, दोनशे तरी असतील. कमळकाकडी, सुकी बारीक मासळी, शेवाळाची भाजी, सगळं आहे. मासळी माझ्या नातीसाठी, दान-बीसाठी, गोड केली आहे, जावईबापूंनी त्यावर हात मारू नये. बस चालवणाऱ्याने तिखट खावं, म्हणजे झोप येत नाही.

भात मात्र रोज ताजा लाव. कार्यालयातून यायला उशीर होतो म्हणून पोरांना शिळा भात घालू नकोस. अक्षर वाकडं आलंय, चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक.

आमच्यावर जीव आहे तो असाच असू दे, आणि पुढचे डबे लवकर धाड.

तुझी आई


इंचॉन, १५ मार्च

ती. आईस मी-रानचा शि. सा. नमस्कार.

पेटी मिळाली. सगळं फार छान झालंय. पानं तर पहिल्याच दिवशी संपली. दान-बी मासळीसाठी रोज भांडते. तुझे जावईबापू तिखटाला घाबरत नाहीत, तुला घाबरतात, असं सांगायला सांगितलंय त्यांनी.

पण आई, एवढं करत जाऊ नकोस. खरंच. दोन-तीन डबे पुष्कळ झाले. आम्हा दोघांच्या पाळ्या, मुलीची शिकवणी, घरात चौघं एकत्र बसतो ते फक्त रविवारी. धाकटा तर शाळेतच जेवून येतो. तू दमत असशील.

डबे सोबत परत करते आहे. सकाळी सहाला निघायच्या आधी भरले, त्यामुळे फार काही जमलं नाही. तांदळाच्या वड्या आहेत, बाबांसाठी गुडघ्याला लावायच्या पट्ट्या आहेत. चष्मा बदलून घे.

तुझी ऊब पत्रातून पोचते, तेवढी पुरे आहे असं समज.

तुझी
मी-रान


गोहुंग, २८ मार्च

चि. मी-रान, आशीर्वाद.

हे पत्र पेटीच्या तळाशी, बर्फाच्या पिशव्यांखाली ठेवतो आहे. वरचं पत्र आईचं आहे, ते आधी वाच आणि तिला त्याचंच उत्तर दे. बत्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, स्वतः लिहायची वेळ आली तर तीन कागद फाडले.

आईचा चष्मा ठीक आहे. मनगट ठीक नाही. उजव्या हाताची शीर दबली आहे. अंगठा आणि दोन बोटं सकाळी लाकडासारखी होतात. परवा तिच्या हातून सुरी निसटून पायाजवळ पडली. डॉक्टर म्हणाले की मेपर्यंत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोटांतली ताकद परत येईल याची खात्री ते देणार नाहीत. त्यानंतर दोन महिने हाताला आराम. हे ऐकून ती उठून घरी आली. तिचं म्हणणं असं की दोन महिने मी-रानचं घर काय खाईल. तू डबे कमी कर म्हणालीस ते तिला भिडस्तपणा वाटला. तोंडाने नको म्हणते, पण डबे बघा कसे भरून आलेत, असं तिने मला दाखवलं.

या खेपेला तिने तेरा डबे केलेत. पानांना मसाला मी लावला, ती शेजारी बसून चुका काढत होती.

पोरी, तुम्हाला खरंच अडचण असेल तर तिला काही लिहू नकोस, मी पानांना मसाला लावत राहीन. पण थोडं कमी चालणार असेल, तर तिला पटेल असं काहीतरी लिही. मी लिहिलं हे कळू देऊ नकोस, मला याच घरात राहायचं आहे.

तुझे बाबा


इंचॉन, २ एप्रिल

ती. आईस मी-रानचा शि. सा. नमस्कार.

आई, या पत्राबरोबर तेरा डबे येतील. तेराही रिकामे आहेत. घाईत भरायचे राहिले असं नाही. पुसून, झाकणं लावून, मुद्दाम रिकामे पाठवले आहेत. भांडं रिकामं परत करू नये हे तूच मला शिकवलंस, आणि त्याच शिकवणीने आपण दोघी दोन वर्षं फसलो. मी डबे धाडत होते ते आता पुरे म्हणून. रिकामे धाडायची लाज वाटायची, म्हणून दुकानातलं दिसेल ते भरायचे. तू ते बघून समजायचीस की आणखी हवंय.

आता जे लिहिते आहे ते वाचून तू चिडशील. तू पाठवलेलं सगळं आम्ही खात नाही. निम्मंही नाही. पानं पहिल्याच दिवशी संपली हे मी खोटं लिहिलं होतं. संध्याकाळी साडेसातला मी घरात शिरते तेव्हा अकरा झाकणं उघडायची, वाट्यांत काढायचं, पुन्हा अकरा झाकणं लावायची आणि वाट्या घासायच्या, एवढं माझ्याच्याने होत नाही. मग पोरांना अंडं तळून देते. डबे फ्रिजमध्ये आंबत बसतात. खाली आमच्या इमारतीत उष्टं टाकायचं यंत्र आहे. कार्ड लावलं की झाकण उघडतं आणि किती किलो टाकलं ते आकड्यात दाखवतं. मागच्या महिन्यात एका सकाळी चार किलो दोनशे ग्रॅम असा आकडा आला. तो तुझ्या हातचा होता. मी तिथेच उभी राहून रडले, मागे शेजारीण पिशवी घेऊन थांबली होती.

आम्ही उपाशी नाही, हे मात्र खरं मान. रविवारी दोन तास मी आणि तुझे जावईबापू मिळून स्वयंपाक करतो. ते कांद्याची पात चिरतात, बस वळवावी तसे दोन्ही हातांनी सुरी धरून. लसूण वाटून पिशवीत सपाट थापते, वर सुरीने चौकोन आखते आणि गोठवते, मग रोज एक तुकडा मोडायचा. भात गरम असतानाच एकेका माणसापुरता डब्यात भरून गोठवते. तो शिळा लागत नाही. आणि घाईच्या दिवशी मोड आलेले सोयाबीन तांदळावर पसरून कुकर लावते. भात आणि भाजी एकदमच होतात. वरून सोया, तिळाचं तेल आणि पात. पंचवीस मिनिटं. दान-बी दोनदा वाढून घेते. तू दुखावशील या भीतीने हे कधी लिहिलं नाही.

आणखी एक. तुझं अक्षर चष्म्याने बिघडलेलं नाही. गेली तीन पत्रं मी शेजारी ठेवून पाहिली, ओळी खाली घसरत चालल्या आहेत. हात दुखतोय ना. डॉक्टर जो उपाय सांगतील तो करून घे. तुझ्या डब्यांवाचून आमचं भागतं. तुझ्या हातावाचून भागणार नाही, दान-बीला केस विंचरायला तोच हवा असतो.

राग आला तर दोन दिवस फोन उचलू नकोस. तिसऱ्या दिवशी उचल.

तुझी, खोटं बोललेली
मी-रान


गोहुंग, ८ एप्रिल

चि. मी-रान, आशीर्वाद.

पेटी आली. आईने तेराही झाकणं एकेक करून उघडली. एखाद्यात तरी काही असेल असं तिला वाटत असावं. मग पत्र वाचलं आणि मागच्या अंगणात जाऊन लसणीच्या जुड्या उगाच इकडच्या तिकडे लावत बसली. दोन दिवस तिचं हेच चाललं होतं. चार किलो दोनशे ग्रॅम, एवढंच अधूनमधून पुटपुटायची. मला वाटलं, आता ही पोरीचं नाव टाकते.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठून म्हणाली की दोन वर्षांत पहिल्यांदा ती डब्यांच्या शुक्रवारी पहाटे चारला न उठता झोपली. काय करावं, किती करावं, बस चुकेल का, यातलं काही डोक्यात नव्हतं. झोपून उठल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की त्याचाच राग आला म्हणे. मग न्याहारी झाल्यावर तिने रुग्णालयाचं कार्ड माझ्यापुढे टाकलं आणि तारीख घ्यायला सांगितली. सतरा एप्रिल मिळाली आहे.

मी बसथांब्यापर्यंत शीळ घालत आलो. एवढ्या वयात बरं दिसत नाही, पण आली.

तुझे बाबा


गोहुंग, १६ मे

चि. मी-रान हिस आईचे आशीर्वाद.

हे डाव्या हाताने लिहिते आहे, हसू नकोस. टाके निघाले. उजवा अंगठा सकाळी वाकतो, बोटांना गरम-गार कळतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. मी म्हटलं की मुलीने हाकललं म्हणून आले.

तू फोनवर वचन दिलंस तशी तुझी पेटी वेळेवर आली. गोठवलेला भात बघून मी तोंड फिरवलं होतं. बाबांनी गरम करून पुढे ठेवला, वाफ आली, एक घास खाल्ला. आता खोटं बोलायची पाळी माझी होती, पण तू खरं लिहिलंस म्हणून मीही लिहिते. चांगला होता. सोयाबीनचा भात तर बाबा आठवड्यातून तीनदा लावतात, आणि शेजाऱ्यांना असं सांगतात जणू त्यांनीच शोधून काढला. लसणीचा तुकडा मोडताना ते पोस्टाची तिकिटं फाडावी तसे जपून मोडतात.

आणि पेटीत चोरून पत्र कुणी ठेवलं होतं ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पेटीला फुलीच्या आकारात चिकटपट्टी मारायची बाबांची सवय बत्तीस वर्षांची आहे, आणि त्या पेटीला ती दोनदा मारली होती, म्हणजे बंद केलेली पेटी त्यांनी पुन्हा उघडली होती. बोलू नकोस त्यांना, बिचारे खूश आहेत.

वर्षातून एकदा, थंडीत, कोबीची किमची मात्र आपण सगळे मिळून इथे करू. तुम्ही या, मी बसून चुका काढीन. न्यायची ती तेवढीच न्या, जेवढी खाल.

तुझे सहा डबे या पेटीत आहेत. धुतले बाबांनी, पुसले मी. पेटी बंद करताना हात सवयीने लसणीकडे गेला होता, मागे घेतला. सगळी झाकणं उघडून बघ, आत काही नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी कुणाचं भांडं असं परत केलेलं नाही. पेटी इतकी हलकी झाली की बसथांब्यापर्यंत मीच नेली, एका हाताने.

डबे नसले तरी जीव तेवढाच लावत जा.

तुझी आई