चढावरची टकटक

मंगळवार, सायंकाळी. भोकरदन.

आज मामांच्या जुन्या पेट्रोल जीपची पहिली चाचणी झाली. गॅरेजचे उस्ताद म्हणत होते, चढावर ताकद हवी तर जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन टाक. मी हट्टाने सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा पंप, बसवला. आपल्याकडे साधंच पेट्रोल मिळतं, ते जास्त दाबाखाली अवेळी पेटतं. पिस्टनचा दाब एकदा ठरला की ठरला. सुपरचार्जरचा दाब पुली बदलून कमी करता येतो. पण माझाच अंदाज चुकला असेल तर? चढावर इंजिन आतून ठोकणार आणि पिस्टन फुटणार.

रिवाजाप्रमाणे आधी पिंपळगाव रेणुकाईला नारळ फोडायला निघालो, जीप मामा चालवत होते. पहिल्याच चढावर टकटक. थांबून प्लग काढून पाहिले. चारही विटकरी, एकही ठिपका नाही, म्हणजे इंजिन ठीक. पुढच्या चढावर पुन्हा टकटक. पुन्हा थांबलो.

मामा मागे वाकले आणि हसायला लागले. "आरं भाच्या, इंजिन न्हाई, देवीचा नारळ वाजून राह्यला! पान्ह्याच्या पेटीत कोणी ठेवल्ता?"

मीच. घरंगळू नये म्हणून.

"मंग आता पेटीचाबी प्लग काढून बघ!"

नारळ फोडला. परतताना तो चढ उतार झाला होता. तरी मी म्हटलं, मामा, खाली जाऊन पुन्हा एकदा वर घेऊ. त्यांनी जीप वळवली. पेटीत आता नारळ नव्हता, जीप जोरात वर चढली. आवाज फक्त खोबरं चावण्याचा, तोही मामांचा.