उतार गोठण्याची वाट

२८ मार्च २००६, मंगळवार. फोर्ट विल्यम.
चौथा दिवस. शनिवारी इथल्या डोंगरावर आमची मुलगी मुग्धा हिमस्खलनात गाडली गेली. बरोबरची मैत्रीण वाचली, ही सापडली नाही. लिहिलं एकदाचं.
बर्मिंगहॅमहून निघताना मी आणि सुनंदाने तीन दिवसांचे कपडे घेतले. तीनच का, कोण जाणे.
शोध थांबवलाय. रेस्क्यू टीमचा प्रमुख कॅलम, एरवी प्लंबर. बूट ओले म्हणून दारातच उभा राहून बोलला. वर अजून तेवढाच बर्फ अडकून आहे, दुपारी उन्हाने सुटतो. रात्रभर कडक गोठला तर सकाळचे काही तास मिळतील. बाहेर मस्त ऊन. लोक आइस्क्रीम खातायत. डोकं फिरलं माझं.

२९ मार्च
दुकानाच्या काचेवर रोज ॲव्हलांश रिपोर्ट लावतात. आजही हिमस्खलनाचा धोका ‘हाय’. जन्म इंजिनिअरिंगमध्ये गेला, आलेख बरोबर कळतो. कळून काय उपयोग! सुनंदा वाचत नाही, माझ्या तोंडाकडे बघते.
संध्याकाळपासून पाऊस. म्हणजे आजही गोठणार नाही.

३० मार्च, पाडवा
नाशिकहून दादाचा फोन. “अरे, दिवस कधीपासून धरायचे?”
“दादा, ती अजून सापडली नाहीये.”
“ते खरं रे, पण...”
ठेवला फोन. मोठ्या भावाचा फोन असा कधी कापला नव्हता. त्याचं तरी काय चुकलं? सुतक आहे की नाही, मलाच माहीत नाही.
सु.ने आम्ही उतरलोय त्या बी-अँड-बीच्या पॉरिजमध्ये साखर घातली. “सणाचं आहे, दोन घास खा.” खाल्लं. मग दोघंही रडलो.

३१ मार्च
कॅलम आला, आज आत बसला. उद्यापासून थंडी पडेल, पण वरच्या बर्फाचा भरवसा नाही म्हणाला. “तुम्ही सांगा, आम्ही जातो.” नाहीतर बर्फ वितळेपर्यंत थांबायचं. मे. कदाचित जून.
टीममध्ये कोण, तर शाळामास्तर, पोस्टमन, एक नर्स. सगळे आपापली कामं सोडून येतात. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघतंच ना. मी नको म्हटलं. कॅलमने माझा हात दाबला आणि गेला.
सु. आंघोळीला गेली होती. तिला सांगितलं नाही. भित्रा आहे मी, दुसरं काय.

१ एप्रिल
सांगितलं. वाटलं ओरडेल. एवढंच म्हणाली, “मला न विचारता?” लग्नाला तीस वर्षं झाली, हा आवाज ऐकला नव्हता. कोट चढवून बाहेर पडली, तासाभराने आली. कुठे गेली होतीस, विचारायची हिंमत झाली नाही.
थंडी वाढलीय.

२ एप्रिल, रविवार. कार पार्क, गाडीत.
गोठलं. सहाला बारा जण वर गेले, बर्फात खुपसायच्या लांब काठ्या घेऊन.
काल सु. कॅलमच्या घरी गेली होती. आज सकाळी गाडीत सांगितलं तिने. “मला माझी मुलगी द्या,” एवढंच बोलले म्हणाली.
अकराला खाली येतो म्हणाले होते. साडेअकरा झाले. ऊन चढलंय, काचेवरचं दव केव्हाच गेलं. मघाशी वरून आवाज आला, लांबचा, घुमल्यासारखा. कॅलमची बायको फिओना तेव्हापासून कुंपणाशी उभी आहे, हातात फ्लास्क.
“अहो, मी हे काय करून बसले?”
मी नको म्हटलं होतं हे खरं. काल ती कोट घालून निघाली तेव्हा मनातून वाटलं होतं, जा, तू तरी सांग त्यांना. हेही खरं.
आठ दिवस डोक्यात दुसरं काही नव्हतं. आत्ता मुग्धा नाही. आत्ता फक्त ते बारा जण.
सु. उतरून फिओनापाशी गेली. फिओनाने सरकून तिला जागा दिली. दोघी वर बघतायत.
पावणेबारा. अजून कुणी खाली आलेलं नाही.